चिंचोळ्या वाफ्यात कॅलिकार्पा: आटोपशीर म्हणून आणलं, खांद्याला लागलं, फळं मात्र चिमूटभर

कोपऱ्यातली_कुंडी

नमस्कार मंडळी,

भिंत आणि पायवाट यांच्यामध्ये माझा एक चिंचोळा वाफा आहे. लांबी चार मीटर, रुंदी सव्वा मीटर, त्याहून एक बोटही जास्त नाही. वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत तिथे काही ना काही फुलत असतं. मग एकेकाची फुलं आटोपतात, आणि पानगळ सुरू व्हायच्या सुमारास सगळा वाफा मातकट होऊन बसतो. नेमकी त्याच दिवसांत मी खिडकीपाशी जास्त असते. म्हणून ठरवलं, उशिराच्या फुलांच्या नादी न लागता फळांचा रंग देणारं एखादं बुटकं झुडूप लावायचं. कॅलिकार्पा आणलं. रोपाच्या चिठ्ठीवर 'कॅलिकार्पा, आटोपशीर वाढ, जांभळी फळं' एवढाच मजकूर. जात, वाण, काही नाही.

आता ते चांगलं रुळलंय. पण आटोपशीर कसलं, खांद्याला लागलंय! पायवाटेवर येणाऱ्या फांद्या उन्हाळाभर कात्रीने सारख्या करते, नाहीतर पाऊस पडला की जाणाऱ्या-येणाऱ्याचे कपडे ओले होतात. फळं धरतात, नाही असं नाही. पण वरच्या दोन-चार फांद्यांना चिमूट चिमूट, आणि बाकी झुडूप नुसतं पानांचं. फोटोत दिसतात तसे पेरापेराला गच्च झुपके माझ्याकडे कधीच नाहीत.

तर विचारायचं असं, की हे झुडूप अर्ध्यावर कापलं तर कमरेएवढं राहील का? कापायचं तर आत्ता की नंतर? फळं कमी लागतात ती एकच झाड आहे म्हणून का? म्हणजे जोडीला दुसरं लागतं का? की या जागेला हे झुडूपच नको? भिंत पूर्वेची आहे, दुपारपर्यंत ऊन येतं, नंतर सावली.

आळशी_माळी

माझ्या माहितीत कुणाकडे तरी असंच झालं होतं, त्यांनी भरपूर खत घातलं आणि झुडूप जोमात आलं. बघा घालून. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

जुनं_खुरपं

जोमात पानं आली की फळं, ते नाही सांगितलंस रे आळशी. खत राहू दे बाजूला. नत्र जास्त झालं तर हे झुडूप खुशाल हिरवंगार होऊन बसतं. वसंतात बुंध्याशी थोडं कुजलेलं कंपोस्ट पसरलं की त्याला वर्षभर पुरतं.

कुंडीताई, तू आधी मला सांग, तुझ्या झुडपाचं पान केवढं आहे?

विचारायचं कारण असं. कॅलिकार्पा हे एका झाडाचं नाव नाही, त्या प्रजातीत दीडशेच्या आसपास जाती आहेत. चिठ्ठीवर नुसतं कॅलिकार्पा लिहिणं म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून नुसतं 'पाटील' लिहिण्यासारखं आहे. बागेत मुख्यतः चार भेटतात. डायकोटोमा ही चीन, जपान, कोरियाकडची. मीटर-सव्वा मीटर उंच होते आणि तिथेच थांबते, फांद्या कमानीने वाकतात म्हणून रुंदी उंचीएवढी किंवा थोडी जास्तच. दुसरी जॅपोनिका, ती दीड-दोन मीटर. तिसरी चीनमधली बोडिनिएरी, तिचा 'प्रोफ्यूजन' हा वाण फार प्रसिद्ध, पण तो सरळ वर चढतो आणि मोकळं सोडलं तर तीन मीटरला जातो. चौथी अमेरिकेच्या आग्नेय भागातली अमेरिकाना, तीही दोन मीटरच्या आसपास आणि पानं चांगली रुंद. यात आटोपशीर म्हणावी अशी पहिली. बाकीच्या तिघींना आटोपशीर म्हणणाऱ्याने त्या फक्त विक्रीच्या कुंडीत बघितलेल्या असतात.

नावांचा हा घोळ काही आजचा नाही. जपानमध्ये मुरासाकी-शिकिबू म्हणतात ती खरी जॅपोनिका, पण बागेसाठी त्याच नावाखाली पुष्कळदा कोमुरासाकी, म्हणजे डायकोटोमा, विकली जाते. तिथे निदान गफलतीत बुटकं झाड हाती लागतं. तुझ्या बाबतीत उलटं झालेलं दिसतंय.

ओळखायचं कसं ते सांगते, भिंग लागणार नाही. डायकोटोमाचं पान लहान, फार तर सहा-सात सेंटीमीटर, आणि कडेचे दाते पानाच्या वरच्या अर्ध्या भागातच असतात. देठाकडची कड हाताला गुळगुळीत लागते. तिथून बोट शेंड्याकडे सरकवलं की मध्यावर एकदम दाते सुरू होतात. दुसरी खूण फळांच्या झुपक्याची. डायकोटोमात झुपक्याचा देठ पानाच्या देठाच्या तिप्पट-चौपट लांब असतो, त्यामुळे झुपके फांदीपासून सुटे, कमानीच्या वरच्या अंगाला रांगेने उभे दिसतात आणि पानं दोन्ही बाजूंना पसरलेली. अमेरिकानाचे झुपके फांदीला अगदी लपेटून बसतात. बोडिनिएरीचं पान लांबट, टोकाला निमुळतं, दहा सेंटीमीटरच्या पुढे सहज जातं, आणि 'प्रोफ्यूजन' असेल तर वसंतातली कोवळी पालवी तांबूस-जांभळट झाक मारते.

बघून सांग. तोवर कात्री खिशात ठेव.

बिया_आणि_बोंडं

खुरपेकाकू आल्या म्हणजे आता धागा पळणार!

मला आपलं एक विचारायचं होतं. या झुडपाने डास पळतात असं सगळीकडे वाचते. खरं का?

जुनं_खुरपं

अर्धं खरं. पानं चुरगाळून अंगाला चोळायची रीत जुनी आहे, म्हणून अमेरिकेच्या कृषी संशोधन खात्याच्या लोकांनी अमेरिकाना आणि जॅपोनिकाची पानं तपासली. 2005 मध्ये त्यांचं काम छापून आलं. पानांत कॅलिकार्पेनाल वगैरे डासांना चावण्यापासून परावृत्त करणारी द्रव्यं सापडली. पण ती पानातून काढून, सांद्र करून वापरलेली. झुडूप नुसतं वाफ्यात उभं असल्याने डासांना काहीही फरक पडत नाही. माझ्या झुडपाशेजारी निंदायला बसलं की ते मलाच आधी शोधतात.

कोपऱ्यातली_कुंडी

काकू, पट्टी घेऊन बसले. पान तेरा सेंटीमीटर भरलं. दुसरं एक घेतलं, तेही तेवढंच. टोक चांगलं निमुळतं. दाते पार देठाच्या जवळून सुरू होतात, गुळगुळीत कड अशी सापडलीच नाही. झुपक्याला देठ आहे पण आखूड, पानाच्या देठाएवढाच म्हणा, त्यामुळे फळं फांदीलगत बसल्यासारखी वाटतात. आणि हो, वसंतात पालवी तांबूस येते. मला तो रोग वाटला होता!

जुनं_खुरपं

रोग कसला, तो 'प्रोफ्यूजन'चा दाखला आहे. शंभर टक्के पालवीवरून कुणी सांगू नये, पण पान, दाते, देठ आणि पालवी, चारही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात. तुझ्याकडे बोडिनिएरी आहे. झुडूप वाईट मुळीच नाही. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकाम संस्थेने 'प्रोफ्यूजन'ला त्यांचं बागेतल्या गुणवत्तेचं मानांकन दिलेलं आहे. मोकळ्या जागेत, मागच्या रांगेला, दृष्ट लागण्यासारखं दिसतं. पण अडीच मीटर पसरणाऱ्या झुडपाला सव्वा मीटरचा वाफा दिलास तर ते पायवाटेवर येणारच.

आता फळांबद्दल. हा भाग नीट वाच, बाकीच्यांनीही वाचा, कारण फळांच्या झुडपांची निम्मी रड इथेच असते.

कॅलिकार्पाला फूल येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर. वसंतात फुटवा निघतो, वाढत जातो, आणि पेरापेराला समोरासमोर पानांची जोडी फुटते. प्रत्येक पानाच्या बेचक्यात फिकट गुलाबी, बारीक फुलांचा झुपका येतो. इतका बारीक, की निम्म्या लोकांना आपल्या झुडपाला फुलं येऊन गेली हे कळतच नाही, कळतं ते मधमाश्यांच्या गुणगुणण्यावरून. आधी फांदीच्या खालच्या पेरांवर फुलतं, मग क्रमाने शेंड्याकडे. फळंही त्याच क्रमाने रंगतात. म्हणजे पानगळीच्या वेळी तुला जी जांभळी रांग बघायची आहे, ती उन्हाळ्यात हिरव्या ठिपक्यांच्या रूपात फांदीवर बसलेली असते. तू उन्हाळाभर पायवाटेकडच्या फांद्या सारख्या करतेस तेव्हा कात्रीखाली पानं जात नाहीत, शरदातला रंग जातो. वरच्या शेंड्यांना कात्री पोचत नाही आणि तिथे ऊनही जास्त, म्हणून फळं तेवढीच तिथे.

छाटायचं ते हिवाळा सरता सरता, कळ्या फुगण्याआधी. त्या वेळी निर्धास्त छाटावं, कारण जुन्या लाकडावर गमावण्यासारखं काही नसतंच. डायकोटोमा असेल तर सगळ्या फांद्या जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून कापल्या तरी चालतं, त्याच वर्षी पुन्हा कमरेएवढी होऊन फळते. याच कारणाने कडाक्याच्या हिवाळ्यात वरचं सगळं लाकूड मेलं, तरी मुळं जिवंत असली की नवा फुटवा येतो आणि त्यावर फळंही येतात. इतकं सोशिक फळझुडूप दुसरं मला माहीत नाही.

आत्ता, पानगळीआधी कापलंस तर दोन तोटे. जो काही रंग आहे तो जाईल, आणि कापलेली टोकं थंडीत आणखी खाली वाळत जातील. तेव्हा आत्ता नाही.

अर्ध्यावर कापून कमरेएवढं राहील का, हे विचारलंयस. नाही राहणार. बोडिनिएरी खोल छाटलीस की तिला जोर येतो, एका हंगामात मीटर-सव्वा मीटरच्या सरळसोट काठ्या वर जातात. दरवर्षी तू कापणार, दरवर्षी ती चढणार. छाटणीने उंची एका हंगामापुरती कमी होते, स्वभाव तोच राहतो. बुटकं हवं असेल तर मुळात बुटकी जात लावावी.

आणि जोडीचं. कॅलिकार्पाच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, एकटं झाडही फळतं. पण दोन-तीन झाडं जवळ असली तर फळधारणा चांगलीच वाढते, हे खरं आहे. शक्यतो वेगवेगळ्या रोपांवरून आलेली असावीत. एकाच झाडाच्या फांद्या लावून केलेली तीन झाडं म्हणजे परागांच्या हिशेबाने एकच झाड.

लालभडक

काकूंशी वाद घालायची हिंमत नाही, तरी घालतो.

जांभळ्याचं एवढं कौतुक का? चिंचोळ्या जागेत उशिराचा रंग हवा असेल तर विंटरबेरी लावा. इलेक्स व्हर्टिसिलाटा, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची, पाणथळ जागांतली. सदाहरित हॉलीच्याच प्रजातीतली, पण हिची पानं गळतात, आणि तीच तर मजा. पानं गेली की नुसत्या काळपट फांद्या आणि त्यांवर टंच लाल फळं. 'रेड स्प्राइट' हा बुटका वाण मीटर-सव्वा मीटरवर थांबतो. कॅलिकार्पाची फळं पहिल्या चांगल्या हिमात मऊ पडून तपकिरी व्हायला लागतात, विंटरबेरी ऐन हिवाळ्यातही टिकते.

एकच अट, नर झाड लागतंच. आणि कुठलाही नर नाही, मादीबरोबर फुलणारा नर. 'रेड स्प्राइट' लवकर फुलतो, त्याला 'जिम डँडी' लागतो. 'विंटर रेड'सारख्या उशिरा फुलणाऱ्या मादीला 'सदर्न जंटलमन'. जोडी चुकली तर नर फुलून गेलेला असतो आणि मादी कोरी राहते. एक नर पाच-सहा माद्यांना पुरतो, अंतर पंधरा मीटरच्या आत असलं की मधमाश्या बाकीचं बघतात. नर कुठेतरी मागे, अडगळीत लावला तरी चालतो, त्याला कोण बघतंय.

रोप घेताना चिठ्ठीवर भरवसा नसेल तर फुलात बघा. मादीच्या फुलात मधोमध हिरवी गुटगुटीत गोळी असते आणि भोवती वांझ पुंकेसर. नराच्या फुलात गोळी नसते, पिवळ्या परागांनी भरलेले पुंकेसर ठळक उभे असतात आणि फुलं जास्त दाटीने येतात. फूल चार-पाच मिलिमीटरचं, तेव्हा चष्मा लावून बघा.

जुनं_खुरपं

लालभडक, वाद घालायला हिंमत कशाला, माहिती लागते, ती तुझ्याकडे आहे. नर-मादीचं तू लिहिलंस ते अगदी नेमकं.

फक्त मातीचं राहिलं. विंटरबेरीला आंबट माती लागते आणि पायाशी ओल लागते. कुंडीताईचा वाफा भिंतीला लागून आहे. भिंतीच्या बुडाशी पाऊस धड पोचत नाही, आणि गिलाव्याचा, चुन्याचा चुरा पडून माती अल्कधर्मी झालेली असण्याची शक्यता दाट. अशा मातीत विंटरबेरी लोह उचलू शकत नाही, पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहतात, झुडूप कुढत जगतं. कॅलिकार्पाला थोडीशी आंबट माती आवडते हे खरं, पण ती अडून बसत नाही. निचरा असला की झालं. माती तपासायची पट्टी लावून सामू (pH, जितका कमी तितकी माती आंबट) बघावा आणि मग ठरवावं. साडेसहाच्या खाली आला आणि जागा ओलसर असली तर मी स्वतः म्हणेन, लालभडकचं ऐक.

आणि घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर विंटरबेरीची फळं पोटात जाऊ द्यायची नाहीत. उलट्या-जुलाब होतात.

राहता राहिला रंगाचा वाद. लाल रंग दुरून दिसतो, जांभळा दुरून मरतो. दहा पावलांवर गेलं की कॅलिकार्पाची फळं सावलीत मिसळून जातात. म्हणून ती बागेच्या टोकाला लावून लोक हिरमुसतात. पण पायवाटेच्या कडेला, खिडकीखाली, म्हणजे दोन-तीन हातांवरून जिथे दिसते तिथे तिच्यासारखी दुसरी नाही. तो जांभळा फळांमध्ये सहसा दिसतच नाही. मागे काय आहे त्यालाही महत्त्व. गडद विटांच्या भिंतीपुढे फळं हरवतात. फिकट भिंत, वाळून पिवळसर झालेलं उंच शोभेचं गवत, किंवा पिवळ्या पानांचं काही मागे असलं की उठून दिसतात. तिची स्वतःची पानंही गळण्याआधी पिवळी पडतात, तो आठवडा-पंधरवडा जांभळ्यावर पिवळं असा असतो. पानं गळल्यावर नुसत्या फांदीवर फळं राहतात तो पुढचा भाग मला जास्त आवडतो, पण ते ज्याचं त्याचं.

कुंडीताई, तुझी भिंत कोणत्या रंगाची?

कोपऱ्यातली_कुंडी

फिकट, जवळजवळ पांढरी! हे ऐकून बरं वाटलं.

म्हणजे आता माझी बोडिनिएरी हलवायची आणि तिथे डायकोटोमा आणायची असंच ना? मागे कुंपणाशी तिला जागा आहे. आता एवढी मोठी झाल्यावर हलते का? आणि डायकोटोमा किती, कशी लावू? वाणाचं नावही सांगा, या वेळी चिठ्ठी वाचूनच घेईन.

बिया_आणि_बोंडं

मध्येच घुसते. बुटकी फळझुडपं म्हणून बऱ्याच जणांना नंदिना सुचवली जाते, म्हणून लिहिते. दिसायला सुरेख, लाल घोस, सावलीतही चालते. पण तिच्या फळांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. 2009 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सीडर वॅक्सविंग नावाचे पक्षी डझनांनी मरून पडले, आणि तपासलं तर पोटं नंदिनाच्या फळांनी गच्च भरलेली. ते पक्षी थव्याने येऊन अधाशासारखे खातात, त्यामुळे मात्रा एकदम जास्त होते. 'फायरपॉवर'सारखे फारसे न फळणारे वाण पानांच्या रंगासाठी लावणं वेगळं, पण फळांसाठी नंदिना नको.

हायपेरिकमही सुचवतील. फळं आधी लाल, मग काळी, गुच्छात छान दिसतात. माझ्याकडे तांबेऱ्याने पानं अशी भरली की मी उपटून टाकलं.

जुनं_खुरपं

बिया, नंदिनाचं लिहिलंस ते बरं झालं. कॅलिकार्पाची फळं पक्षी खातात, पण आधी आसपासचं बाकी सगळं संपवून मग हिच्याकडे वळतात. त्यामुळे रंग बरेच दिवस मिळतो. एक मात्र बघायचं, आपल्या भागात डायकोटोमा बागेबाहेर, रानात पसरते का. अमेरिकेच्या पूर्वेकडे काही ठिकाणी ती कुंपण ओलांडून गेलेली आहे. तशा भागात अमेरिकाना लावावी, ती तिथलीच आहे, फक्त जागा जास्त द्यावी.

कुंडीताई, बोडिनिएरी हलते. पानं पूर्ण गळून झुडूप निजलं की हलव, जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली नसावी. आदल्या दिवशी भरपूर पाणी दे. फांद्या दोरीने सैल बांधून घे आणि त्या गुडघ्याएवढ्या ठेवून बाकी काप, कारण मुळं तुटणार, तेवढी वर कमी करायला हवी. बुंध्यापासून फूटभर लांब गोल चर खणत जा, मग फावडं तिरकं घालून खालून मोकळं कर. मातीचा गोळा फुटू न देता पोत्यावर सरकवून ने. नव्या जागी पूर्वीच्याच खोलीवर लाव. खोल पुरू नकोस. पहिला उन्हाळा पाण्याचा, तिथे हयगय नाही. फळं त्या वर्षी कमी येतील.

डायकोटोमाचे दोन वाण सहज ओळखू येतील अशा नावांचे आहेत, 'इसाई' आणि 'अर्ली अमेथिस्ट'. 'इसाई' लहान वयातच फळायला लागतो म्हणून मला तो जास्त पसंत. चार मीटरच्या वाफ्यात तीन लाव. मध्ये सव्वा मीटर अंतर दे आणि दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोड. दोन एका वाणाचे आणि एक दुसऱ्याचा घेतलास तर परागांचा प्रश्नही मिटला. भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढे खड्डा घे, अगदी बुडाशी नको. कमान पायवाटेवर थोडी झुकेल. झुकू दे. फारच आली तर पूर्ण फांदी बुंध्यातून काढ, शेंडे सारखे करत बसू नकोस. एक फांदी गेली तर एका फांदीची फळं जातात. शेंडे छाटलेस तर सगळ्या फांद्यांची थोडी थोडी जातात आणि झुडूपही उगाच चौकोनी होतं.

ऊन दुपारपर्यंत आहे म्हणालीस, म्हणजे पाच-सहा तास मिळत असणार. तेवढ्यात फळतं. त्याहून कमी असेल तर फळं विरळ होतात. आणि फळं भरत असताना, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी, माती कोरडी पडू द्यायची नाही. तेव्हा ताण बसला की हिरवी फळंच गळून जातात. बुंध्याभोवती चार बोटं जाड पालापाचोळ्याचं आच्छादन घाल, फक्त खोडाला चिकटवू नकोस.

आळशी_माळी

काकू, पांढऱ्या फळांची पण कॅलिकार्पा असते ना? भिंत सोडा, माझ्याकडे मागे गडद हिरवं कुंपण आहे. तिथे पांढरं उठून दिसेल असं वाटतं. शिवाय रोप विकत न घेता कुठून फांदी आणून लावली तर? मी आळशी आहे हे लक्षात घेऊन सांगा.

जुनं_खुरपं

असते. डायकोटोमाचीच पांढऱ्या फळांची आहे, चिठ्ठीवर अल्बिफ्रुक्टा किंवा तत्सम काहीतरी लिहिलेलं असतं. गडद हिरव्यापुढे ती तुझ्या कुंपणाला जांभळ्यापेक्षा शोभेल. पण पांढरं फळ डाग लपवत नाही. एका रात्रीच्या हिमाने जांभळीवर काही दिसत नाही तेव्हा पांढरी तपकिरी पडलेली असते. रंग कमी दिवस मिळतो हे धरून चाल.

फांदी लागते, आळशी माणसालाही लागते. उन्हाळ्याच्या मध्याला, यंदाचीच वाढ, बुडाला जरा कडक झालेली आणि शेंड्याला अजून लवचीक, अशी बोटभर लांबीची घे. पेराच्या लगेच खाली काप. खालची पानं काढ, वरची दोनच ठेव, मोठी असली तर निम्मी काप. फुलांचा झुपका असेल तर निर्दयपणे खुडून टाक. वाळू आणि कोकोपीट सारखं मिसळून कुंडीत खोव, वर प्लॅस्टिकची पिशवी आणि जागा सावलीची. महिना-दीड महिन्यात मुळं येतात. बीही रुजतं, पण पांढरीच्या बियांतून पांढरीच येईल याची खात्री नाही, म्हणून फांदीच लाव.

कोपऱ्यातली_कुंडी

काकू, सामू काढला. सात पूर्णांक चार. लालभडक, क्षमस्व!

तीन डायकोटोमा ठरल्या, दोन 'इसाई' आणि एक 'अर्ली अमेथिस्ट'. बोडिनिएरीची पानं गळायची वाट बघतेय. कुंपणाशी खड्डा आत्ताच खणून ठेवला तर चालेल ना?

जुनं_खुरपं

खण, पण उघडा ठेवू नकोस, पाणी साचून कडा घट्ट होतात. खणून, माती भुसभुशीत करून परत भर आणि खूण म्हणून काठी रोव. आणि झुडपाचा जो भाग आता उन्हाकडे आहे त्या बाजूच्या फांदीला दोरा बांध, नव्या जागी तीच बाजू उन्हाकडे कर.

लालभडक

सात पूर्णांक चारला मी पण काही बोलत नाही. आळशी_माळी, तुमच्या कुंपणाशी ओल असते का हो?